सोवळ्यात बसवलेली कॉइल

वीज सोवळं पाळते, असा माझा समज होता.

भोरमध्ये वकिली करताना मी एक जुनी मोटार घेतली. माझे सासरे, दादा, तिला 'सरपण' म्हणत. (आमच्याच घरी राहून, आमचाच चहा पिऊन!) त्यांच्या नातवाची, म्हणजे माझ्या भाच्याची, मुंज भाटघरला होती. दादांना मोटारीतून मुहूर्तावर पोचवायचं आणि त्यांचं तोंड कायमचं बंद करायचं, असा माझा पण होता. आणि नेमकी त्याच सकाळी मोटार मेली!

इंजिनात ठिणगी पडेना. ठिणगी देणारी कॉइल बरेच दिवस कुरकुरत होती, म्हणून नवी पुण्याहून मागवून ठेवलीच होती.

"मी बसवतो," मी म्हणालो.

"अहो, तुमच्याच्यानं साधा कंदील लागत नाही!" ही म्हणाली.

कॉइलबरोबर एक पुस्तिका होती. रेशीम आणि कोरडं लाकूड यांतून वीज जात नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. (त्याआधीही एक पान होतं, पण प्रस्तावना वाचायची मला सवय नाही.) मग काय! जेवायचा पाट अंगणात मांडला आणि दादांनी मुंजीसाठी काढून ठेवलेला रेशमी कद नेसून, उघड्या अंगानं त्यावर उभा राहिलो. वकील मोटारीची पूजा घालतायत असं समजून शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या!

तेवढ्यात दादा आंघोळ करून बाहेर आले.

"जावईबापू! तो माझा कद!"

"दादा, लांब राहा! इथे वीज आहे!"

बैलगाडी घेऊन चाललेला धोंडिबा फाटकाशी थांबला. "वकीलसायेब, किल्ली बंद केलीया न्हवं?"

"तुला काय कळतंय? रेशीम आहे हे!" असं म्हणत मी तार ओढली. उघडं कोपर मडगार्डला टेकलं.

फट्ट!

मी मेलो, अशी माझी खात्रीच पटली. उडालो तो थेट तुळशीपाशी, लंगोटीवर! कद बॉनेटच्या कडीला अडकून तिथेच राहिला, आणि मधोमध फाटून. काकूंनी नारळ टाकून डोळ्यांवर पदर घेतला. दादा मला उचलायला धावले, तशी ही किंचाळली, "दादा, शिवू नका त्यांना! अंगात वीज असेल!"

"म्या दोन वर्सं मोटारीवर किलीनर व्हतो," म्हणत धोंडिबानं आधी किल्ली बंद केली आणि बघता बघता कॉइल बसवली. पहिल्याच हँडलला मोटार सुरू! पण तिच्यात बसायला कोणी तयार होईना. दादा माझं धोतर नेसून, हिला घेऊन धोंडिबाच्या बैलगाडीत बसले. मी एकटाच मोटारीतून मागोमाग, बैलांच्या चालीनं! मुहूर्त गाठला, पण तो बैलांनी.

बातमी माझ्याआधी मांडवात पोचली होती. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी. वाढपी हातभर लांबून भात टाकत होते, आणि तूप तर पानापर्यंत आलंच नाही. मुंज भाच्याची झाली. सोवळं मात्र सगळ्यांनी माझं पाळलं!