डॉइलसाठी मोकळा केलेला काठ

वर्लन टिडमोर हा माझ्या बहिणीचा नवरा. बहीण जाऊन तीन वर्षं झाली, पण हा अजून रस्त्यापलीकडेच राहतो, त्यामुळे रोज सकाळी दार उघडलं की आधी याचंच तोंड दिसतं. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बोलणं कमी, काम चोख. माझी बहीण वीदा म्हणायची, "याच्याशी भांडायचं तरी कसं गं? हा नुसता ऐकून घेतो." साधा खिळा ठोकायचा तरी हा आधी भिंतीकडे दहा मिनिटं बघणार. अख्ख्या अलाबामात असा सावकाश माणूस सापडायचा नाही. घाई त्याने आयुष्यात एकदाच केली, आणि ती त्याच्या थोरल्या भावासाठी केली.

हा थोरला भाऊ म्हणजे डॉइल. वर्लन जितका गप्प तितका हा तोंडाळ. कागदाच्या गिरणीत होता, तिथून काढला. दोन लग्नं केली, दोन्ही मोडली. दारू प्यायची, सोडायची, पुन्हा प्यायची. ज्याला हात लावील त्याचं वाटोळं. एक गोष्ट मात्र त्याला अशी यायची की लोक गाड्या थांबवून बघत उभे राहायचे, आणि ती म्हणजे वसंतात तळ्याच्या काठावरून बास जातीचे मासे पकडणं.

आमच्याकडे डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली की काठाचं उथळ पाणी आधी तापतं, आणि पोटात अंडी घेऊन मोठाल्या बास माद्या पार काठाला येतात. लोक होड्या घेऊन मधोमध जातात. डॉइल त्यांना हसायचा. "मासा आलाय दारात आणि हे गेले परसात शोधायला!" स्वतः वाकून, सावली पाण्यावर पडू न देता काठाकाठाने चालायचा, आणि रबरी गांडूळ लावलेला गळ काठाला धरून लांबवर टाकायचा. मग नुसता उभा. बास गांडूळ तोंडात घेतो तेव्हा दोरीला हिसका बसतोच असं नाही, ती फक्त जरा जड होते. तेवढं जड होणं बोटाला कळावं लागतं. मला चाळीस वर्षांत कधी कळलं नाही. डॉइलला बोलता बोलता, पाठ फिरवूनही कळायचं. सगळ्या भागात म्हणायचे, माणूस कसाही असो, हात देवाने दिलाय. त्याच्याबद्दल चांगलं असं एवढंच एक वाक्य होतं, आणि तेही त्याला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात डॉइलची फुप्फुसं गेली. नाकाला नळी, शेजारी चाकांवरची टाकी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उन्हाळा बघायला मिळेल असं वाटत नाही. त्यावर तो वर्लनला म्हणाला, "मला बाकी काही नको. आपल्या तळ्याच्या काठावरून एकदा गळ टाकायचाय. एक मोठी मादी हातात धरून परत सोडायचीय, बस. मग खुशाल पुरा मला."

आपलं तळं म्हणजे वर्लनच्या घरामागचं, त्यांच्या बापाने खणलेलं. दोघा भावांनी लहानपणी त्यात बादलीने मासे आणून सोडले होते. पण वीदा गेल्यापासून वर्लनने तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. काठाकाठाने पाणगवत असं माजलं होतं की गळ टाकला की मासा राहिला बाजूला, हिरवा गोळाच वर यायचा. मासे होते, चांगले दांडगे होते, पण त्या गवताखाली. होडीत डॉइल आता बसू शकत नव्हता. दुसऱ्यांच्या तळ्यांवर उतरण आहे, टाकी घेऊन जमणार नाही. इथे मात्र गाडी थेट पाण्याशी जाते.

वर्लनने गवत मारायचं औषध आणलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की एका वेळी अर्ध्याच तळ्यात टाका, मग पंधरा दिवस थांबा. मी वाचून दाखवलं. म्हटलं, "तू तर स्क्रूचं माप तीनदा घेतोस. मग हे का नाही ऐकत?"

"नेल्डा," तो म्हणाला, "पंधरा दिवस त्याच्याकडे आहेत का?"

मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने सगळ्या तळ्यात औषध टाकलं.

आठवड्याभरात गवत पिवळं पडून तळाला बसलं आणि काठ मोकळा झाला. वर्लनने काठावरचं गवत कापलं, एक खुर्ची आणून ठेवली, टाकीची चाकं रुतू नयेत म्हणून फळ्या टाकल्या. शीळ घालत होता. वीदाच्या मागे मी त्याची शीळ पहिल्यांदाच ऐकली, आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. डॉइल शनिवारी यायचा ठरला.

मग एप्रिलमध्येच उन्हाळ्यासारखं उकडायला लागलं. वर आभाळ भरलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. शुक्रवारी सकाळी मी बिस्किटं भाजत होते, तर वर्लन दारात. डोक्यावर टोपी नाही, पँट कमरेपर्यंत ओली.

"जरा येतेस?" एवढंच म्हणाला.

तळं पांढरं दिसत होतं. सगळी पोटं वर. जे अजून मेले नव्हते ते काठाला येऊन तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. मेलेलं गवत तळाशी कुजलं आणि त्याने पाण्यातली सगळी हवा खाल्ली. अशात मोठे मासे आधी मरतात, त्यांना हवा जास्त लागते. वर्लन परत पाण्यात शिरला. हातभर लांबीची एक मादी दोन्ही हातांत धरून पुढे-मागे, पुढे-मागे हलवत राहिला, तिच्या कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. तिचं पोट अंड्यांनी टम्म होतं. ती केव्हाच मेली होती. मी म्हटलं, "सोड तिला, वर्लन." त्याने सोडली नाही. मग मीच हातातून काढून घेतली.

दुपारपर्यंत आम्ही ढकलगाडीने मासे वाहिले आणि गोठ्यामागे पुरले. माझ्या हाताचा वास दोन दिवस जात नव्हता.

"डॉइलला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तो काय रिकाम्या तळ्यात गळ टाकत बसेल?"

"एखादी वाचली असेल."

"आणि नसेल तर? सरळ सांग. चार शिव्या घालेल, तुला काय नवीन आहेत?"

"शिव्या घातल्या तर बरंच," वर्लन म्हणाला. "नाही घालणार. त्याला श्वास घेता येत नाही आणि तो माझी समजूत काढत बसेल. ते मला बघवायचं नाही." मग हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "तू गप्प राहा, नेल्डा." मी गप्प राहिले.

शनिवारी डॉइल आला. अंगावर मांस उरलं नव्हतं, तोंड मात्र शाबूत. "काय गं नेल्डा, अजून आहेस?"

"तुझ्यासाठी थांबलेय. थोरल्याने आधी जायचं असतं."

"जातो की! एक मासा धरू दे, मग जातो." हसला, खोकला, पुन्हा हसला. काठ बघून त्याचे डोळे भरले. "वर्लन, केवढं केलंस रे हे." वर्लन फळी नीट करायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

डॉइल खुर्चीत बसलाच नाही. उभा राहून टाकायला लागला. काय सुंदर टाकायचा, अजूनही! काठाला धरून, आवाज न करता. पायाशी बोटाएवढी पिल्लं फिरत होती, तेवढी जगली होती. ती बघून तो खूश झाला. "पोरं दारात खेळतायत, म्हणजे आया घरातच आहेत."

गांडुळाचा रंग बदलला. जागा बदलली. मी कॉर्नब्रेड आणि गोड चहा आणला, त्याने हात लावला नाही. पहिले दोन तास तो अखंड बोलत होता, माशांना टोमणे मारत होता. मग बोलणं कमी झालं. मग बंद झालं. दोरीवर बोट ठेवून तो असा उभा राहायचा की मला बघवेना. मध्येच झटक्याने गळाची काठी उचलायचा, आणि गळ मोकळा.

उन्हं कलली तेव्हा त्याने पाण्यावरची नजर न काढता विचारलं, "वर्लन, मासे आहेत ना रे?"

"आहेत."

"मोठे?"

मी वर्लनकडे बघत होते. सांग, आता तरी सांग.

"आहेत, डॉइल," तो म्हणाला.

"मग ते घेतायत," डॉइल म्हणाला. "घेऊन थुंकून टाकतायत. आणि मला कळत नाहीये." त्याने बोट डोळ्यांपुढे धरून नीट पाहिलं. "हात गेला माझा."

देवाशपथ, तेव्हा मला वर्लनला तळ्यात ढकलून द्यावंसं वाटलं. डॉइलने दोरी गुंडाळली, काठी भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल, घरी सोड."

त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून पडला. गळ टाकणारे जुने सोबती भेटायला यायचे, कुठे काय गळाला लागलं ते सांगायचे. तो म्हणायचा, "ते सोडा आता." खाणं सुटलं. मी सूप नेलं तर म्हणाला, "उगाच कशाला त्रास घेतेस? आता काही राहिलं नाही." इतकी वर्षं त्याला चढेल, उद्धट म्हणून शिव्या दिल्या मी. त्या दिवशी त्याने एखादी शिवी हासडावी म्हणून मी जीव टाकला असता.

शेवटी वर्लन माझ्याकडे आला. "चल, सांगून टाकतो. तूही ये."

पलंगाशी खुर्ची ओढून तो बसला आणि सगळं सांगितलं. औषध, घाई, शुक्रवारची सकाळ, ढकलगाडी. एवढं सलग बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. "तळ्यात मासाच नव्हता, डॉइल. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी मारले सगळे."

डॉइल हळूच आमच्याकडे वळला. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"आणि मेलेल्या तळ्यात तू मला दिवसभर उभं केलंस? असं नळी लावून?"

"हो."

"तू?"

"हो रे. मी."

"छट्," डॉइल म्हणाला. "मी केलं असतं असलं. तू नाही करणार."

"नेल्डाला विचार!"

"खरं आहे, डॉइल," मी म्हटलं. "मी स्वतः पुरले."

"दोघांनी मिळून बेत केलात वाटतं." त्याने चाचपडत वर्लनचा हात धरला. वर्लन रडत होता, गोठ्यामागे चल, उकरून दाखवतो, म्हणत होता. डॉइलला धाप लागली होती, तरी त्याचा हात थोपटत राहिला. "असू दे. असू दे रे. माझ्यासाठी एवढं रचलंस, पुष्कळ झालं. रडू नकोस."

मग त्याने डोळे मिटले. आम्ही निघालो. त्याच आठवड्यात तो गेला.

त्या दिवशी डॉइलकडून परत निघताना वर्लनने गाडीला किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तू सांगितलंस ना, झालं तर मग."

"खोटं बोललो तेव्हा एका शब्दात विश्वास ठेवला त्याने," वर्लन म्हणाला, आणि मग किल्ली फिरवली.