सुनंदाबाई आणि एकेकट्याने म्हटलेली प्रार्थना

त्या सकाळी मी नोएडातल्या आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा होतो. साथीमुळे शाळा बंद होती, वर्ग घरून भरणार होते. पण दिवसाची सुरुवात प्रार्थनेनेच व्हावी, असा संगीताच्या शिक्षिका सुनंदाबाईंचा आग्रह होता. करोल बागेतल्या आमच्या शाळेत आम्ही दोघेही बरीच वर्षे शिकवत होतो, मी गणित आणि त्या संगीत. तरी नमस्कारापलीकडची ओळख झाली ती त्या सकाळी.

बाईंनी पेटीवर सूर दिला आणि सहावीच्या वर्गाने एकदम प्रार्थना उचलली. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोहोचत होता. कोणी शेवटाला आले, तर एक मुलगा ओरडला, "मॅम, मेरा नेट स्लो है! मी अजून पहिल्याच लाइनवर आहे!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, ही प्रार्थना आहे की सब्जीमंडी? चलो, सगळ्यांनी माइक बंद करा. एकेकाने एकच ओळ म्हणायची. बाकीच्यांनी ऐकायची."

त्या सत्रात मुले काय शिकली, असे कोणी विचारले तर मी आधी हेच सांगेन. मैदानावर सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून जातो. चुकला तरी आपल्यालाही कळत नाही. घरी एकट्याने म्हणताना तो पहिल्यांदा ऐकू येतो. बाई "चुकलं" असे कधी म्हणत नसत. "कुठे निसटलं, कळलं का?" एवढे विचारून त्या थांबत. हळूहळू मुलेच सांगू लागली, "मॅम, वर जाताना गेलं." पुढे माझ्या तासालाही ती गणितातली चुकलेली पायरी आपणच शोधू लागली.

एका मुलीचे वडील रात्रपाळी करून दिवसा घरातल्या एकुलत्या खोलीत झोपत. ती कधी माइक उघडत नसे. बाईंनी तिला वर्गासमोर काही विचारले नाही. दुपारी फोन केला. "मोठ्याने नको. फोन तोंडाशी धर आणि नुसतं गुणगुण. मला ऐकू येतं." सत्र संपेपर्यंत त्या तिचे गुणगुणणे ऐकत राहिल्या. आज तीच मुलगी पुढे उभी राहून शाळेला प्रार्थना सांगते.

वर्गशिक्षक म्हणून मी प्रार्थनेला फक्त हजर असे. वाशीमकडच्या आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी मला "तू नुसते ओठ हलव" असे सांगितले होते, आणि ते मी आजवर पाळले होते.

"सर, तुम्ही राहिलात," एके दिवशी बाई म्हणाल्या.

"बाई, मुलांचे कान खराब होतील."

"मुलांचे कान मी सांभाळते. तुम्ही म्हणा."

मी एक ओळ म्हटली. बाई म्हणाल्या, "सूर आहे तुमच्याकडे. तुम्ही मुलांच्या पट्टीत गाता, ती तुमची नाही. खाली या. अजून खाली." त्यांनी पेटीवर खालचा सूर धरला. त्या सुरात माझा आवाज थरथरला नाही. एक पोर म्हणाले, "सर, बिल्कुल रेडिओ!"

माझ्यासाठी याचे मोल वेगळेच होते. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना एक वयस्क काका सांगत. ते मुलाकडे नागपूरला गेले आणि तेव्हापासून मोबाइलवर रेकॉर्डिंग लागू लागले. लोक हात जोडून ऐकत, पण सोबत म्हणणारे कमी होत गेले. लहान मुले तर नुसती बसून राहत. असेच चालले तर वंदना म्हणणारे कोणी उरणार नाही, ही काळजी मला लागली होती. आईमुळे मला सारी वंदना पाठ होती. पुढे बसण्याचे धाडस मात्र नव्हते. बाईंना हे सांगितले आणि शाळा उघडल्यावरही दर शनिवारी त्या विचारू लागल्या, "मग सर? उद्या?"

"पुढच्या रविवारी, बाई."

"अच्छा! तुमचा पुढचा रविवार कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही हो!"

बाई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरामय आयुष्य लाभो, पेटीवरची बोटे अशीच चालत राहोत, आणि आणखी पुष्कळ संकोची माणसांचे आवाज त्यांच्या कानी पडोत, ही मनापासूनची मंगल कामना. या निमित्ताने त्यांना काय द्यावे, हे मला बरेच दिवस सुचत नव्हते. गेल्या रविवारी मी विहारात पुढे जाऊन बसलो, रेकॉर्डिंग बंद करायला सांगितले आणि माझ्या खालच्या सुरात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला मागून मुलांचे आवाज आले.