नाकाशी धरलेली चप्पल

आठवडी बाजारात मेथी विकणारी एक बाई फिट येऊन आडवी झाली. तिच्या नवऱ्याने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी ओरडले, "फेका ती! कुशीवर वळवा हिला!" आमच्या आरोग्य केंद्राच्या पत्रकात हेच ठळक छापलंय. मेंदूतली वीज भडकते तशी बहुतेकदा आपसूक विझते. तिचीही दोन मिनिटांत थांबली; श्रेय मात्र चपलेने लाटलं. संताप आला. पण दुसऱ्या हाताने तिचं डोकं अलगद सांभाळलं होतं ते त्यानेच. राग नेमका कुणावर धरावा, कळेना.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या. दिवसभर पेंगायची."

"अहो, गोळी बदलून मिळते! डॉक्टरांना विचारलं का नाही?"

"विचारणार होतो, ताई," तिचा घाम पुसत तो म्हणाला, "पण तेही तुमच्यासारखेच अंगावर येतात."