बारशाच्या दिवशी केलेलं सोंग

मालकिणीनं उशी फडक्यात गुंडाळली आणि ओट्यावरून माझ्या अंगावर टाकली.

"तुझं लेकरू मेलं तवा कशी रडलीस, ते करून दाव की."

मालकाच्या नातवाचं बारसं होतं. आळंदच्या, उमरग्याच्या सोयऱ्या बायका अंगणभर बसलेल्या. माझ्या लेकराला मातीत घालून महिना झाला नव्हता. चोळी अजून दुधानं भिजायची.

सोंगं करायची माझी खोड जुनी. मालकाच्या तुरीत खुरपताना उपाशी बायका मुक्या व्हायच्या. मग मी उठायचे. मुकादमाचं चालणं, तलाठ्याचं शिंकणं, सासूचं घोरणं, सगळं करायचे. माझी थोरली जाऊ हसून हसून खुरपायच्या पातीतच बसायची. पोट भरायचं न्हाई, पण पात सरायची. लेकरू गेल्यावर पुन्हा कामाला गेले, तर बायका माझ्याकडं बघेनात. काय बोलावं कळेना त्यांना. तेव्हा मीच मुकादम झाले. त्या हसल्या, मग रडल्या, मग माझ्याजवळ येऊन बसल्या. ते हसणं आमचं होतं. मालकिणीच्या कानावर गेलं, आणि तिला ते पाव्हण्यांसाठी पाहिजे झालं.

मी उशी उचलली न्हाई.

"कर की. लुगडं देते नवं."

मागून एक सोयरी म्हणाली, "ह्यांना कुठलं आलंय दुःख? दरसाली एक होतंय."

बायका हसल्या. मला रडू येईना. वाटलं, ह्यांचं हसणं ह्यांच्याच घशात कोंबावं.

"करते, बाईसाब," मी म्हणाले. "पण रडणं मालकाचं करते."

निजामाच्या माणसांना जेवणावळी घालणारा हा मालक. पोलीस ॲक्शनमध्ये हिंदुस्थानची फौज आळंदच्या रस्त्याला लागली, तेव्हा तो जमिनीखालच्या ज्वारीच्या रिकाम्या पेवात उतरून लपला. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं काखेत दोर घालून त्याला वर काढला. गावाला सगळं ठाऊक. बोलायचं कुणी न्हाई.

मी अंगणाच्या मधोमध उकिडवी बसले. मिशीवरचा कोंडा झटकल्यासारखं केलं. मालकाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कोन हाय वर? फौज हाय का? मी मालक न्हाई, बाबा. मी गडी हाय. मालक पळून गेलाय." मग हात वर करून लोंबकळले, रडले, आणि ओल्या धोतरात चालावं तशी फेंगडी चालत ओट्यापर्यंत गेले.

आधी पाणी भरणाऱ्या बायका हसल्या. मग मालकाची विहीण. तिनं तोंडात पदर कोंबला, तरी तिचं हसू थांबेना. मालक दारातच उभा होता. विहिणीकडं बघत.

मुकादमानं केसाला धरून मला बाहेर ओढलं. त्या दिवसापासून आम्हा दोघांचं काम बंद. घरी नवऱ्यानं विचारलं, "कामून केलीस हे?"

"आपलं लेकरू त्यांनी हसण्यावारी नेलं."

त्यानं चुलीत काटक्या सारल्या. मग म्हणाला, "वर आल्यावर त्यो माझ्या पाया पडला होता. ते राहिलं तुझ्या सोंगात."

पुढच्या बाजाराला आळंदला मी तेही केलं. मिरच्या विकणाऱ्यांनी, हमालांनी माझ्याभोवती रिंगण केलं. पायावर लोळण घेतली तेव्हा एक म्हातारा पोट धरून खाली बसला. हसणाऱ्यांत मालकाच्या भावकीतले दोघंही होते.

मग मुकादम आला. ओसरीवर न बसता उभ्यानंच म्हणाला, "मालक म्हणायलाय, कामाला ये. झालं गेलं विसरू. फकस्त ते सोंग सोड."

"विसरायचं का न्हाई, ते मी ठरवणार," मी म्हणाले. "मालकाला सांग, लोक हसून थकले तरी मी थकणार न्हाई."

लोकांना हसवायला मी आता सोंग करीत न्हाई. त्याला गाव सोडायला लावायला करते. तो ज्या गावात जाऊन मान वर करील, तिथं मी त्याच्या आधी पोचलेली असेन.