येसराचं माहेर

आमच्या शेजारच्या काकू पदार्थाची कृती सांगण्याआधी त्याचं माहेर सांगायच्या. "ही चटणी तीर्थपुरीच्या मामीची बरं का," आणि मगच लसणाकडे वळायच्या. लोणचं समोरच्या मारवाडी भाभींचं.

मी इंटरनेटवर पाककृती टाकायला लागले, तेव्हा आमटीत घालायचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ, काकूंच्या नावानं टाकलं आणि कौतुकानं कागदावर छापून त्यांना दाखवायला नेलं. नाव वाचताच त्यांनी गॅस बंद केला.

"हे माझ्या धाकट्या जावेचं हाय. तिचं नाव टाक, जल्दी."

दोघी जावांचा अबोला अख्ख्या गल्लीला ठाऊक होता.

"काकू, तुम्ही तर त्यांचं तोंडही बघत नाही!"

"न्हाईच बघत. पण आमटी तर तिच्याच येसराची खाऊन राह्यले ना?"