तिसरी आणि सहावी मुकी

बिघडलेली वस्तू पाहून ज्याचा चेहरा फुलतो असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा जावई निघाला. लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात तो दिवसभर मशिनी दुरुस्त करतो, पण तेवढ्यानं त्याचं पोट भरत नाही. आमच्याकडे आला की पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून आधी पंख्याला कान देतो. टीव्ही तो मागून पाहतो. त्याच्या स्वतःच्या लग्नात माईक बंद पडला, तर भन्तेजी वंदना थांबवून बसले आणि नवरदेव गळ्यातल्या हारासकट मंडपाच्या कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला. माझी सुजाता एकटीच उभी. तेव्हाच मी ओळखलं, पोरीला सवत आहे आणि तिला वायरी आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्यानं आर्णीच्या एका मंडपवाल्याच्या अडगळीतून माझ्या नवऱ्याचा जुना सिंथेसायझर हुडकून आणला. नवरा गायन पार्टीत तो वाजवायचा. पार्टी मोडली तेव्हा विकून टाकला होता. आता नवरा नाही. आम्ही त्या सिंथेसायझरला बाजाच म्हणायचो. जावयाचं घर उघड्या मशिनींनी भरलेलं, म्हणून ते धूड ऑटोतून माझ्याकडे आलं आणि माझ्या खाटेवर बसलं. सुजातानं विहारात सगळ्यांना सांगून टाकलं की बुद्धपौर्णिमेला बाबांचा बाजा वाजणार. नाही वाजला तर मान तिची खाली जाणार. मीही बजावलं, पौर्णिमेनंतर खाट माझी आणि बाजा भंगारवाल्याचा.

"आई, वावरात सहा बाया हायेत समजा," त्यानं मला समजावलं. "हाक मारली का पाळीपाळीनं ओ देतात. त्यातली तिसरी न् सहावी मुकी हाये." बाज्याच्या पोटात सहा आवाज असतात म्हणे, एकच कळ दाबत गेलं तरी दर वेळी पाळी पुढच्याची. मग दर रविवारी मी कळ दाबायची आणि त्यानं आत डोकं घालायचं. टूं, टूं, गप्प. टूं, टूं, गप्प. शेजारीण विचारून गेली, घरात कोण आजारी आहे. दर आवाजाची एक चिप असते, त्या चिपा काढून तो एकमेकींच्या जागी बसवायचा. मुकेपणा चिपेसोबत सरकला तर चिप मेलेली, जागेवरच राहिला तर जागा वाईट. तिसरीची जागाच वाईट निघाली. टाका सुटला होता, तो त्यानं कथिलाचा डाग देऊन बसवला आणि त्या दिवशी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. सहावीची मात्र चिपच मेलेली, आणि तशी चिप आता कुठंच मिळत नाही. गावोगाव फोन झाले. माणूस इतका गप्प झाला की सुजाता मला म्हणाली, आता यांचाच टाका पाहावा लागेल.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी तो आला तोच बोलत.

"आई, सहावीले हाकच नाही मारायची. बाज्याले सांगतो, तुह्या पाचच बाया हायेत."

"जे येत नाही तिले कायले बलावता? हे तर मी पहिल्याच दिवशी सांगतलं असतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं, बापू?"

आत काहीतरी करून त्यानं मला कळ दाबायला लावली. मी वीस वेळा दाबली. एकदाही गप्प नाही. झालं म्हणाला आणि सुजाताला फोन लावायला अंगणात गेला.

या बाज्याला नवऱ्यानं मला कधी हात लावू दिला नव्हता. पुसायचा तोही स्वतःच. जावयानं लावू दिला, पण तो एकाच कळीला. मी बाजूच्या कळीवर बोट ठेवलं. वेगळा सूर आला. मग तिच्या बाजूची दाबून पाहिली.

"आई, झालं ना, सोडा आता," अंगणातून जावई म्हणाला.

"तुम्ही फोनवर बोला," मी म्हटलं.