डाव्या दाराचा किल्ला

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथली शाळा संपल्यावर मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत थोरल्या बहिणीकडं राहून शिकलो. बहिणीला मी आक्का म्हणतो. तिच्या दोन खोल्यांतला माळ्याखालचा कोपरा मला मिळाला होता. माझी पुस्तकं, माझा दिवा आणि माझी परीक्षेची भीती हे सगळं तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, इतकी वर्षं मुकाट्यानं सांभाळलं. ते शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे भरायचे. पुढं जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यांच्या घरचं मीठ मी खाल्लेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी बी.ए. झालो त्याच सुमाराला डॉक्टरांनी दाजींची छाती तपासली आणि भट्टीच्या धुळीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. ऐंशी साल उलटून गेलं होतं, कोल्हापुरात व्हिडिओ नावाची नवी हवा सुटली होती. दाजींनी मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन जुन्या व्हिडिओ गेमच्या मशिनी आणल्या आणि पेठेतल्या तालमीला लागून असलेल्या गाळ्यात ठेवल्या. गाळा तालमीचाच होता. कागदपत्र काही नव्हतं, तिथल्या वस्तादांनी "घाल तुझं दुकान" म्हटलं होतं, एवढाच करार. बोर्ड रंगवायला जो पेंटर आला त्याला दोनच चित्रं येत होती, पैलवान आणि बैल. त्यानं पैलवान काढला, त्याच्या हातात गदेऐवजी गेमची दांडी दिली आणि खाली लिहिलं, व्हिडिओ गेम पार्लर.

पहिल्याच दिवशी दाजी मला म्हणाले, "पावणं, तुम्ही शिकलाय. ह्या मशिनीत नेमकं काय चाललंय ते जरा पेठेला सांगा की."

माझ्या पदवीचा हा पहिला उपयोग. मी मनापासून कामाला लागलो.

एका मशिनीत वरून शत्रूची विमानं यायची आणि खालून आपण ती पाडायची. दुसरीत एक वाटसरू एका किल्ल्यात शिरायचा. प्रत्येक खोलीला दोन दारं, एक डावं, एक उजवं. कुठल्या दारातून जायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. चुकलं की खड्डा. पेठेनं दोन्हींची नावं पाडली, विमान आणि किल्ला. किल्ल्याच्या काचेवर इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ एवढाच की बाहेर पडायची वाट शोधा. कॉलेजात मला शिकवलं होतं की कथेला आरंभ, मध्य आणि शेवट असावा. एका ओळीत यातलं काहीच नव्हतं. म्हणून मी एक पानभर गोष्ट लिहिली. वाटसरूला राजपुत्र केलं, त्याला सावत्र आई दिली, हरवलेलं सिंहासन दिलं, आणि तो कागद मशिनीच्या कडेला चिकटवला. खाली सही करून बी.ए. असंही लिहिलं. आक्का तो कागद बघून म्हणाली, "सही कशाला? तहसीलदाराचा दाखला हाय व्हय?"

मग मी दोन्ही मशिनींची तुलना सुरू केली. गिऱ्हाईक आलं की त्याला समजावून सांगायचो. विमानात खेळ चांगला आहे, हाताला चपळाई येते, पण गोष्ट नाही. विमानं कुठून येतात, त्यांचं आपल्याशी काय वाकडं, काही कळत नाही, आणि कितीही पाडली तरी संपत नाहीत. किल्ल्यात खेळ संथ आहे, पण गोष्ट आहे. आणि मुख्य म्हणजे तिथं माणसाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो, जो आपल्या देशाला फार आवश्यक आहे. हे वाक्य मला स्वतःला खूप आवडायचं. एकदा एका भाजीवाल्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते खरं, पर टोकन कुठं मिळतंय?"

पण निर्णयाचं म्हणाल तर आमच्या पेठेत तो खेळणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता. दांडी एकाची असायची, तोंडं पंधरा. तालमीत कुस्ती बघायची सवय असलेले लोक, मागं उभं राहून गप्प बसणं त्यांना माहीतच नव्हतं.

"डावं घे, डावं."

"आरं उजवं. काल उजव्यानं पार गेलतो मी."

"काल तू खड्ड्यात गेलतास."

"खड्ड्याच्या पल्याड गेलतो म्हंतोय मी."

"न्हाय तर त्येच्या खांद्यावर हात ठेव, त्येला कळंना झालंय."

एवढ्यात दार निवडायची वेळ संपायची आणि वाटसरू मरायचा. मग तो कुणामुळं मेला यावर चर्चा व्हायची, ती मूळ खेळापेक्षा लांब चालायची. चौथ्या खोलीपुढं पेठेतलं कुणी गेलं नव्हतं. त्या मानानं विमान सोपं होतं. तिथं सल्ला एकच असायचा, "हाण." पण जिथं भांडता येत नाही तिथं आमच्या लोकांचं मन रमत नाही. विमानापुढं नेहमी एखादंच माणूस असायचं, आणि तेही किल्ल्याचा नंबर लागेपर्यंत.

अडचण वेगळीच निघाली. तालमीतले पैलवान जोर मारायच्या वेळेला गाळ्यात उभे राहू लागले. एका संध्याकाळी वस्ताद दारात आले. उंच, कान मोडलेले, आवाज दगडावर दगड घासल्यासारखा. आत न येता दाजींना म्हणाले, "माझी पोरं दांडी हलवायला लागली. आता मांडी कोण हलवणार? येत्या रविवारी दुपारी येतो. सोता खेळून बघतो. पसंत पडलं तर ऱ्हाव दे, न्हाय तर गाळा मोकळा कर."

दाजी "व्हय वस्ताद" एवढंच म्हणाले. त्या रात्री आक्कानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "गाळा गेला तर हे परत फौंड्रीत जातील. दुसरं काय येतंय त्येस्नी? आणि डॉक्टर काय म्हणालाय ते तू ऐकलंयस."

मी म्हणालो, "आक्का, मी वस्तादांना समजावून सांगतो."

"तेच भ्या वाटतंय," आक्का म्हणाली.

रविवारी गाळ्यात आणि गाळ्याबाहेर सगळी पेठ गोळा झाली. वस्ताद धुतलेला फेटा बांधून आले. मी तयारी केली होती. खेळ, गोष्ट आणि निर्णय या तीन अंगांनी दोन्ही मशिनींचं मोजमाप करून किल्ला कसा श्रेष्ठ ठरतो आणि पैलवानाच्या बुद्धीला त्यानं कशी धार येते, हे मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. वस्तादांनी ऐकलं. मग विचारलं, "निकाली हाय का?"

"म्हणजे?"

"कुस्ती निकाली सुटती का? कोण चितपट होतंय का, का नुसतंच चालू?"

"वस्ताद, सिंहासन मिळालं की संपतं."

"कुणाला मिळालंय?"

"अजून कुणालाच नाही," मी म्हणालो.

दाजींनी खाली बघितलं. वस्तादांनी दांडी धरली, मी टोकन टाकलं. पहिली खोली आली, दोन दारं आली आणि गाळ्यात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. कुणीही काहीही बोललं नाही. वस्तादांना सल्ला देण्याची पेठेत कुणाची छाती नव्हती. पार्लर उघडल्यापासून खरोखर स्वतःच्या मनानं खेळायला मिळालेला तो पहिला माणूस, आणि तो नुसता उभा राहिला.

"कुठलं दार?" त्यांनी मला विचारलं.

"तुमची मर्जी, वस्ताद."

"पल्याड काय हाय?"

"ते गेल्यावरच कळतं."

"मग मर्जी कसली? डोळं बांधून ढकलल्यागत झालं." त्यांनी दांडी मागं ओढली. "आल्या दारानं भाईर जातो."

"तसं जाता येत नाही."

"का?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात वेळ संपली. वाटसरू खाली कोसळला आणि मशिनीतून एक चिरका सूर निघाला, जो नेहमी ऐकून लोक हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. वस्ताद सगळ्या चेल्यांच्या देखत पडले होते, तेही उभ्या उभ्या, समोरच्यानं बोटही न लावता. मला दाजींच्या गळ्याशी भट्टीची धूळ दिसू लागली.

मागून एक म्हातारे पैलवान खाकरले. "वस्ताद, ही धरायची न्हाय. सलामी कुठं झालती?"

गाळ्यात सुटकेचा श्वास फिरला. "व्हय की. सलामी झाली न्हाय." "माती बी लावली न्हाय." "आसं कुठं आसतंय व्हय?" दोन मिनिटांत पेठेनं ठराव केला की झाली ती कुस्तीच नव्हती. एकजण पळत तालमीत गेला आणि आखाड्याच्या हौद्यातली मूठभर तांबडी माती घेऊन आला. ही माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद वर्षानुवर्षं मुरवलेली असते. वस्तादांनी ती दोन्ही तळव्यांना चोळली, कपाळाला लावली, आणि मग रीतीप्रमाणं समोरच्या जोडीदारालाही लावली. म्हणजे दांडीला. चांगली दांडीच्या बुडापर्यंत चोळली. दाजींच्या तोंडून "आरं" एवढंच निघालं.

मी दुसरं टोकन टाकलं. वस्तादांनी शड्डू ठोकला आणि दांडी डावीकडं दाबली. वाटसरू डाव्या दारातून गेला. दुसऱ्या खोलीत त्यांनी दांडी उजवीकडं न्यायला बघितली, पण ती हलेना. माती आत जाऊन घट्ट बसली होती. वाटसरू पुन्हा डावीकडं गेला. तिसऱ्या खोलीत डावीकडं. चौथ्या खोलीत डावीकडं, आणि तिथून पुढं, जिथं पेठेतलं कुणी कधी गेलं नव्हतं. आता मात्र लोकांना राहवेना. "आता डावं घ्या वस्ताद," असं पंधरा तोंडं एका सुरात म्हणू लागली. पेठेचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कारण डाव्याशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणखी काही खोल्यांनंतर एक ओळखीची खोली आली. तीच भिंत, तीच मशाल. वाटसरू किल्ल्याला वळसा घालून पुन्हा पहिल्या खोलीत आला होता.

वस्तादांनी दांडीवरचे हात काढले. "बघ," ते मला म्हणाले. "आल्या दाराला आला का न्हाय? तू म्हंत हुतास येता येत न्हाय."

मी म्हणालो, "व्हय वस्ताद." बी.ए. झाल्यापासून मी व्हय म्हणायचं सोडलं होतं, पण त्या वेळेला तेच तोंडात आलं.

"त्येनं मला पाडलं न्हाय, मी त्येला पाडलं न्हाय. बरोबरीत सुटली." त्यांनी फेटा सारखा केला आणि दाजींकडं वळले. "ऱ्हाव दे तुझं दुकान. पोरं जोर मारून आली तर खेळू दे. पाठ ओली हाय का हात लावून बघायचं. आणि माती लावल्याशिवाय कुणी हात घालायचा न्हाय."

आक्का दारातून हे सगळं बघत होती. ती घरी गेली आणि तिनं त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

त्यानंतर किल्ला जो चालला तो विचारू नका. वस्तादांची माती लागलेली दांडी म्हणून दुसऱ्या पेठांतून लोक यायला लागले. हाताला माती चोळायची, शड्डू ठोकायचा, डावीकडं दाबून धरायचं आणि वळसा घालून परत यायचं. कुणी मरत नव्हतं, कुणी जिंकत नव्हतं, सगळ्यांची बरोबरीत सुटत होती आणि सगळे समाधानानं घरी जात होते. विमानाचा खेळ उत्तम होता, तो एका कोपऱ्यात धूळ खात राहिला. माझी तुलना मी पुन्हा कुणाला ऐकवली नाही. ज्या मशिनीत निर्णय घेता येतो ती श्रेष्ठ, असं मी सांगत होतो. त्या मशिनीतला निर्णय काढून घेतल्यावर तिच्यापुढं रांग लागली होती. याला काय म्हणावं हे आम्हाला अभ्यासक्रमात नव्हतं.

काही महिन्यांनी मला शाळेत नोकरी लागली. एका दुपारी तालीम झोपलेली असताना दाजींनी मला गाळ्यात बोलावलं. दार अर्धं लावलेलं होतं. त्यांनी दांडीचं झाकण उघडून माती काढली होती, साचा झाडावा तशी हळुवार, कागदावर जमा करून. साच्यातला कणही ज्यांच्या बोटाला कळतो त्यांना हे अवघड नव्हतं. दांडी आता दोन्हीकडं हलत होती.

"पावणं, काल एकटाच खेळलो," ते म्हणाले. "शेवटच्या खोलीपतोर डाव्यानं गेलो, आन तिथं उजवं घेतलं. काहीतरी लिहून येतंय. विंग्रजीत हाय. वाचून दाखवा की."

ते खेळायला लागले. मी त्यांच्या मागं उभा राहिलो आणि एकदाही सल्ला दिला नाही. शेवटच्या खोलीत त्यांनी उजवं दार घेतलं. खड्डा नव्हता. सिंहासन नव्हतं, सावत्र आई नव्हती. पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली.

"काय म्हंतंय?"

"अभिनंदन," मी वाचलं. "तुम्ही जिंकलात. पुन्हा खेळायचं असेल तर टोकन टाका."

दाजी पडद्याकडं बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"म्हंजे निकाली हाय म्हणा की ही."

"हाय."

दाजींनी दांडी सोडली. त्यांच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, भट्टी सोडल्यापासून तो पुष्कळ कमी झाला होता. मग त्यांनी माझ्या चिकटवलेल्या कागदाकडं बघितलं, त्याची एक कड सुटली होती ती अंगठ्यानं दाबून बसवली.

"तुमचं सिंहासन बरं हाय," ते म्हणाले. "ऱ्हाव दे तेच."

आणि झाडून ठेवलेली माती चिमटीनं उचलून त्यांनी ती दांडीच्या बुडाशी, उजव्या अंगाला, पुन्हा नीट दाबून भरली.